आमच्या मिस्त्रींचा विमा काढायचाय. कसबाचा विमा निघतो का?

शिरोलीकर | सोमवार, रात्री १०:४२

मंडळी, प्रश्न धंद्यातला आहे. कंटाळवाणा वाटला तर पुढे सरका, पण इथे जाणकार बरेच आहेत म्हणून विचारतोय.

आमची कोल्हापूरजवळ छोटी फाउंड्री आहे. मी आणि धाकटा भाऊ, भागीदारी फर्म. सत्तरेक माणसं. ट्रॅक्टर आणि पंपांची कास्टिंग करतो. वडिलांच्या काळापासून आमच्याकडे एक मिस्त्री आहेत, वय ५६. कागदावर हुद्दा 'पॅटर्न सुपरवायझर', पण नवीन पार्टचं ड्रॉइंग आलं की आधी त्यांच्यापुढे ठेवायचं हा वडिलांचा नियम. चहा संपेपर्यंत ते नुसतं बघतात, मग पेन्सिलने रायझर कुठे, रनर कुठून, चिल कुठे लावायची (म्हणजे साच्यात वितळलेला धातू कसा वाहील आणि गोठेल) त्या खुणा करतात. मध्ये आम्ही सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर घेतलं. दहापैकी आठ वेळा दोघांचं जुळतं. उरलेल्या दोन वेळा मिस्त्री बरोबर निघतात.

गेल्या दिवाळीनंतर ते पाच आठवडे आजारी होते. नेमके तेव्हाच दोन नवे पार्ट डेव्हलपमेंटला आले होते. रिजेक्शन ४ टक्क्यांवरून ११ वर गेलं. एका जुन्या गिऱ्हाइकाने निम्मी ऑर्डर दुसरीकडे वळवली, ती अजून परत आलेली नाही.

आता ओळखीचे एक एजंट मागे लागलेत, 'कीमॅन' काढा म्हणून, म्हणजे धंद्यातल्या महत्त्वाच्या माणसाचा धंद्याने काढलेला विमा. ५० लाखांची पॉलिसी, वर्षाला साडेपाच लाख हप्ता, दहा वर्षांनी बोनससकट परत. "हप्ता सगळा खर्चात टाका, शेवटी पॉलिसी स्वतःच्या नावावर फिरवून घ्या, एक रुपया टॅक्स नाही," असं त्यांचं म्हणणं. ऐकायला इतकं गोड आहे की भीती वाटते.

आणि दुसरं कुतूहल. लंडनला म्हणे गायकांच्या गळ्याचे, नट्यांच्या पायांचे विमे निघतात. मग आमच्या मिस्त्रींच्या डोळ्याचा का निघू नये?

टवाळखोर | सोमवार, रात्री १०:५५

जागा धरून बसतोय. आमच्या हापिसातल्या एका साहेबांच्या झोपेचा विमा काढायचाय, ती मोडली की कंपनीचं फार नुकसान होतं.

जुनाविमावाला | मंगळवार, सकाळी ७:१०

शिरोलीकर, मी सरकारी जनरल इन्शुरन्स कंपनीत १९८३ ते २०१७ होतो, त्यातली बरीच वर्षं क्लेम खात्यात.

पायांचे आणि गळ्यांचे विमे हा निम्मा जाहिरातीचा मामला. हॉलिवूडच्या बेटी ग्रेबलच्या पायांचा दहा लाख डॉलरचा विमा १९४० च्या दशकात तिच्या स्टुडिओने काढला, आणि पॉलिसीपेक्षा बातमीच जास्त गाजली. पण त्यात एक खरी गोष्ट दडलेली आहे. विमा कुणी काढला? स्टुडिओने. कारण ती नाचू शकली नाही तर पैसे स्टुडिओचे बुडणार. विमा कंपनी पायाची किंवा डोळ्याची किंमत देत नाही, कुणाचं तरी नुकसान भरून देते. म्हणून आमचा पहिला प्रश्न कायम तोच असायचा: नुकसान नेमकं कुणाचं? कागदोपत्री याला 'विमायोग्य हितसंबंध' म्हणतात.

हे बंधन आकाशातून पडलेलं नाही. लंडनला एडवर्ड लॉइडचं कॉफीचं दुकान होतं, १६८८ च्या सुमाराचं. तिथे जहाजांचे विमे व्हायचे, त्यातूनच आजचं लॉइड्स झालं. अठराव्या शतकात तिथल्या मंडळींकडून कुणाच्याही आयुष्यावर पॉलिसी लिहून मिळायची. एखादा बडा माणूस आजारी पडल्याचं कळलं, लावा पैसे. हे इतकं माजलं की १७७४ साली पार्लमेंटला कायदा करावा लागला: ज्याच्या आयुष्यावर विमा काढताय त्याच्या जगण्यात तुमचा काही हितसंबंध असला पाहिजे. तरीही दे'ऑं नावाचा एक फ्रेंच मुत्सद्दी पुरुष आहे की बाई, यावर लावलेल्या पैशांचे खटले १७७७-७८ मध्ये लॉर्ड मॅन्सफिल्डपुढे चाललेच. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याचं कलम ३० पैजेचा करार रद्दबातल ठरवतं, परिणाम तोच.

त्या एका अटीने शेजाऱ्याच्या मरणावर पैसे लावणं बंद झालं, पण आपल्या कामाच्या माणसावर मालकाने विमा काढायला पक्की जागा मिळाली. तुमचे मिस्त्री त्या जागेत बसतात. ते पाच आठवडे आणि ११ टक्के नीट लिहून ठेवा, अंडररायटर (विमा कंपनीत धोका तोलणारा माणूस) तेच मागेल.

सीए_अनुजा | मंगळवार, सकाळी ९:३५

शिरोलीकर, त्या एजंटांना चहा पाजून निरोप द्या. ते जी गोष्ट सांगताहेत ती एके काळी खरी होती.

कीमॅनची व्याख्या आयकर कायद्यात १९९६ मध्ये आली, कलम १०(१०डी) खाली. (नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून, त्यात कलमांचे आकडे बदललेत, मी जुने सांगतेय कारण निकाल सगळे त्यावरच आहेत.) दुसऱ्या माणसाच्या आयुष्यावर काढलेली पॉलिसी, आणि तो माणूस तुमचा नोकर किंवा धंद्याशी कुठल्याही प्रकारे जोडलेला असला पाहिजे. हप्ता धंद्याचा खर्च धरायचा, हे प्रत्यक्ष कर मंडळाने १९९८ च्या परिपत्रकात सांगितलं. आणि पैसे आले की ते धंद्याचं उत्पन्न, त्यावर कर. इथवर तराजू सरळ होता.

मग लोकांनी वाट काढली. काढायची ती बचतीची, मोठ्या हप्त्याची पॉलिसी. 'महत्त्वाचा माणूस' म्हणजे कंपनीचा डायरेक्टर, तोच मालक. कंपनीने काही वर्षं हप्ते भरायचे, खर्चात टाकायचे. मग सरेंडर व्हॅल्यू (पॉलिसी मध्येच मोडली तर मिळणारी रक्कम) कमी असतानाच पॉलिसी त्या डायरेक्टरच्या नावावर फिरवायची. त्या क्षणी ती कीमॅन राहिली नाही, साधी आयुर्विमा पॉलिसी झाली, असा युक्तिवाद. पुढे मुदत संपली की सगळे पैसे करमुक्त. दिल्ली हायकोर्टानेही एका प्रकरणात करदात्याच्या बाजूने कौल दिला. मी तेव्हा सीएची आर्टिकलशिप करत होते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या फर्ममध्ये क्लायंटपेक्षा विमा एजंटच जास्त दिसायचे.

२०१३ च्या वित्त कायद्याने व्याख्येत एक ओळ घातली: मध्येच नावावर फिरवलेली पॉलिसीसुद्धा कीमॅनच धरायची. विमा नियामकाने तर आधीच कीमॅन फक्त टर्म म्हणून द्या असं कंपन्यांना सांगितलं होतं. म्हणजे मेलात तर पैसे, जगलात तर काही नाही. झालं, एजंट दिसेनासे झाले. धंद्यातली महत्त्वाची माणसं काही त्या वर्षी कमी झाली नव्हती. इतकी वर्षं विकला जात होता तो माणसाचा विमा नव्हताच.

तुमचे एजंट विकताहेत ते बहुधा दुसरंच काहीतरी आहे, 'एम्प्लॉयर-एम्प्लॉयी' म्हणतात ते. त्यात हप्ता तुम्ही भरता आणि पैसे मिस्त्रींच्या घरी जातात. चांगली गोष्ट आहे, पण मग तुमचं गिऱ्हाईक गेल्याचं नुकसान त्यातून भरून येणार नाही. प्रपोजल फॉर्मवर नेमकं काय लिहिलंय ते बघा.

शिरोलीकर | मंगळवार, सकाळी ९:५८

अनुजाताई, फॉर्म बघितला. तुम्ही म्हणताय तेच निघालं. एजंटांना फोन केला तर म्हणाले, "साहेब, शब्दात काय आहे?"

उगाच_पुणेरी | मंगळवार, दुपारी १२:२०

म्हणजे पुन्हा तेच. बाजाराने काहीतरी उभं केलं की सरकार येऊन पाय छाटतं. लॉइड्सवाले इथे थेट येऊन विकू शकले असते तर मिस्त्रींच्या डोळ्याचाच काय, भुवईचाही विमा मिळाला असता. आपल्याकडे १९५६ मध्ये आयुर्विमा सरकारी, १९७३ मध्ये बाकीचा सरकारी, २००० मध्ये दार किलकिलं केलं ते २६ टक्क्यांनी. मधली चाळीस-पन्नास वर्षं कुणी नवीन काही विकायचा विचारच केला नाही.

जुनाविमावाला | मंगळवार, दुपारी १:१५

पुणेरी, निम्मं मान्य. मी नोकरीला लागलो तेव्हा आगीच्या विम्याचे दर छापील पुस्तकात असायचे, टॅरिफ म्हणायचो. फाउंड्रीचा दर इतका, सूतगिरणीचा तितका, संपलं. दर ठरलेले म्हणून अंडररायटरला डोकं चालवायची गरजच नव्हती. चार सरकारी कंपन्या, चौघींचं दरपत्रक एक. असल्या वातावरणात कुणी मिस्त्रींचा डोळा घेऊन आला असता तर आम्ही त्याला बसा म्हणून पुस्तकात पान शोधलं असतं. नाही सापडलं तर हात जोडले असते.

पण १९५६ उगीच झालं नाही हो. विमा कंपन्यांचे मालक विमेदारांचा पैसा आपल्याच इतर उद्योगांत फिरवत होते. डिसेंबर १९५५ मध्ये फिरोज गांधींनी लोकसभेत उद्योगपती दालमियांची लक्तरं काढली. पुढच्या महिन्यात, १९ जानेवारी १९५६ ला, आपले चिंतामणराव देशमुख, तेव्हाचे अर्थमंत्री, रेडिओवरून बोलले आणि आयुर्विमा सरकारच्या ताब्यात आला. २४५ कंपन्या-संस्था मिळून एलआयसी झाली. लॉइड्सचं म्हणाल तर ते २०१७ पासून मुंबईत आहेत, पण पुनर्विम्यापुरते. म्हणजे इथल्या कंपनीने पॉलिसी द्यायची आणि धोक्याचा मोठा वाटा त्यांच्याकडे ढकलायचा. इथे राहणाऱ्याने थेट लंडनला जाऊन विमा घ्यायचा म्हटलं तर फेमाची, म्हणजे परकीय चलन कायद्याची, आडकाठी आहे.

आणि टॅरिफ उठल्यावर काय झालं तेही सांगतो. १ जानेवारी २००७ ला आगीच्या विम्याचे दर मोकळे झाले.

शिरोलीकर | मंगळवार, दुपारी १:४०

आठवतंय की! आमचा आगीचा हप्ता दोन वर्षांत एक तृतीयांशावर आला. वडील म्हणायचे, भट्टी तीच, शेड तेच, आग लागायची शक्यता कमी झाली असं कुणाला स्वप्न पडलं?

जुनाविमावाला | मंगळवार, दुपारी २:०५

वडिलांना नमस्कार सांगा. सगळ्या कंपन्या डिस्काउंट देण्यात गुंतल्या. दर मोकळे झाल्यावर नवनवीन विमे येतील असं कागदावर होतं, आले ते जुन्याच विम्याचे स्वस्त भाव. २०२२ पासून तर बहुतेक नवीन पॉलिसी आधी बाजारात आणून मग नियामकाला कळवली तरी चालते. तरी गळ्याचा विमा कुठे दिसत नाही, कारण त्याचा दर काढायला आकडे नाहीत आणि घेणारे मोजून दहा.

काळाकोट | मंगळवार, रात्री ८:३०

डोळ्याचा विमा नाही म्हणता, पण डोळ्याची किंमत कायद्यात छापलेली आहे.

कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ (नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आलीय). त्या जुन्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात शरीराचे तुकडे आणि त्यांचे टक्के होते. अंगठा गेला: कमावण्याची क्षमता ३० टक्के कमी. तर्जनी: १४. मधलं बोट: १२. अनामिका किंवा करंगळी: ७. एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत: ४०. माणूस कोण आहे, करतो काय, याचा या तक्त्याला पत्ता नाही. हमालाची तर्जनी १४ आणि तुमच्या मिस्त्रींचीही १४. तबलजी त्या कायद्यात सहसा येत नसे, आला असता तर त्याचीही १४.

या तक्त्याची अडचण सुप्रीम कोर्टापुढे १९७५ मध्ये आली. प्रतापनारायण सिंग देव खटला. एका सुताराचा डावा हात कामावर असताना कोपराच्या वरून गेला. मालकाचं म्हणणं, तक्ता बघा, पूर्ण अपंगत्व नाही. कोर्ट म्हणालं, एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणजे या माणसापुरतं ते १०० टक्के. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात, अपघाताच्या दाव्यांसाठी, हेच आणखी सविस्तर आलं: ड्रायव्हर किंवा सुताराचा हात जाणं आणि सरकारी कारकुनाचा हात जाणं, दोन्हीचं वैद्यकीय अपंगत्व एकच असलं तरी कमाईचं नुकसान एक नव्हे.

म्हणून माझं पुणेरींना सांगणं आहे की कसबाची किंमत करायला या देशात बाजार पुढे आला नाही, कोर्ट आलं. तेही हात गेल्यावर.

टवाळखोर | मंगळवार, रात्री ८:४१

मधलं बोट १२ टक्के. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये त्याचा वापर बघता दर कमी वाटतो.

ऑस्टिनचा_पंत | मंगळवार, रात्री ११:५० (इकडे दुपार)

इकडचं उदाहरण देतो, कारण 'मोकळा बाजार' म्हणून अमेरिकेकडे बोट दाखवलं जातं.

माझा मुलगा इथल्या विद्यापीठात शिकतो आणि आमच्या घरात शनिवार म्हणजे कॉलेज फुटबॉल. स्टेडियममध्ये लाखभर माणसं, टीव्हीचे करार अब्जावधी डॉलरचे, आणि खेळणाऱ्या पोरांना एनसीएए या कॉलेज खेळांच्या संस्थेच्या नियमाने शिष्यवृत्तीपलीकडे दमडी घ्यायची मुभा नव्हती. पोरगं वीस वर्षांचं, पुढल्या वर्षी व्यावसायिक संघात निवड झाली तर कोट्यधीश, आणि या वर्षी गुडघा गेला तर काहीच नाही. ते शिक्षण सोडून लवकर पळून जायला लागले, म्हणून एनसीएएने १९९० मध्ये स्वतःच विमा योजना आणली. कायमचं अपंगत्व आलं तर पैसे. हप्ता भरायला पोराकडे पैसे कुठून? तर भविष्यातल्या कमाईवर कर्ज काढायची परवानगी दिली. त्याच कमाईवर गाडी घ्यायला कर्ज काढलं तर मात्र नियमभंग!

पुढे 'लॉस ऑफ व्हॅल्यू' आलं. अपंगत्व नाही आलं, पण दुखापतीमुळे निवडीचा क्रमांक घसरला आणि करार लहान मिळाला, तर फरकाचा काही भाग विमा देणार. २०१४ मध्ये टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने आपल्या एका खेळाडूचा असा हप्ता विद्यार्थी मदत निधीतून भरला, ५० हजार डॉलरच्या वर. १ जानेवारी २०१६ च्या सामन्यात नोत्र दामच्या जेलन स्मिथचा गुडघा मोडला. पहिल्या पाचांत निवड होणार असं सगळे म्हणत होते, तो ३४ वा गेला. विम्याचे सुमारे नऊ लाख डॉलर मिळाले. म्हणजे कॉलेजात असताना या पोराच्या खेळातून त्याला सरळ मार्गाने मोठी रक्कम मिळायची तर गुडघा मोडावा लागत होता.

जुलै २०२१ पासून स्वतःच्या नावावर जाहिराती करून कमवायची मुभा आली, आणि जून २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं थेट पैसे वाटायला लागली. आता विम्याचं चित्र पालटतंय. आधी खेळाडू विमा शोधायचा, आता पैसे मोजणारं विद्यापीठही शोधणार. जुनाविमावाला म्हणतात तोच प्रश्न, नुकसान कुणाचं? नियम बदलला की उत्तर बदलतं.

मडगावचा_लेफ्टविंग | बुधवार, सकाळी ८:१५

फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा तो, पंत.

त्यातही हेच झालंय. क्लब पगार देतो, पण खेळाडू देशाकडून खेळायला सोडावाच लागतो, हा फिफाचा नियम. नोव्हेंबर २००४ मध्ये बेल्जियमच्या शार्लरुआ क्लबचा अब्देलमजीद उलमेर्स मोरोक्कोकडून खेळताना जायबंदी झाला आणि आठ महिने बाहेर. पगार क्लबचा, विम्याची जबाबदारी कुणाचीच नाही. छोट्या क्लबाने फिफाला कोर्टात खेचलं, युरोपातले बडे क्लब मागे उभे राहिले. २००८ मध्ये तडजोड झाली आणि मोठ्या स्पर्धांसाठी क्लबांना पैसे द्यायचं ठरलं. २०१२ पासून फिफा स्वतः विमा काढते. पहिले २८ दिवस क्लबाचे, पुढे दिवसाला २०,५४८ युरोपर्यंत, जास्तीत जास्त वर्षभर, म्हणजे ७५ लाख युरो.

तो खटला झाला नसता तर हा विमा विकायला कुठली कंपनी गेली असती? आणि घेतला कुणी असता?

क्रिकेटवाल्यांसाठी: मार्च २०२१ मध्ये गहुंज्याला श्रेयस अय्यरचा खांदा निखळला आणि आयपीएलचा पहिला टप्पा हुकला, तेव्हा बोर्डाच्या विम्याच्या सोयीमुळे त्याचं मानधन बुडालं नाही अशा बातम्या होत्या. फक्त करारबद्ध खेळाडूंसाठी हं. रणजी खेळणाऱ्याने हळद लावावी.

नेपथ्य | बुधवार, दुपारी ३:००

मी मुंबईत नाटकाच्या व्यवस्थापनात काम करते, त्यामुळे हा धागा वाचताना पोटात कालवाकालव झाली.

शिरोलीकर, तुमच्याच गावचं उदाहरण घ्या. केशवराव भोसले. मोठे गायक-नट. १९०८ मध्ये ललितकलादर्श नाटक मंडळी काढली, जुलै १९२१ मध्ये बालगंधर्वांबरोबर संयुक्त मानापमान केलं, आणि ४ ऑक्टोबर १९२१ ला गेले. वय ३१. मंडळीत बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं होती, आणि तिकीट विकलं जायचं ते एका गळ्यावर. बापूराव पेंढारकरांनी मंडळी पुढे चालवली म्हणून टिकली. गळ्याचा विमा तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नसेल.

शंभर वर्षांनी आम्ही तिथेच आहोत. मुख्य नटाला ताप आला की प्रयोग रद्द, तिकिटाचे पैसे परत, नाट्यगृहाचं भाडं अंगावर, बसवाल्याचं वेगळं. पर्यायी नट तयार ठेवायची पद्धत आपल्याकडे रुजली नाही, प्रेक्षकाला तोच चेहरा हवा असतो. एकदा एका कंपनीकडून कोटेशन मागवलं होतं. त्यांनी तीन वर्षांचे ताळेबंद मागितले. आमच्या निर्मात्यांचा ताळेबंद म्हणजे डायरीची मागची पानं.

सिनेमात विमा आला तो असाच मागच्या दाराने. दिव्या भारती १९९३ मध्ये गेली तेव्हा अर्धवट सिनेमे दुसऱ्या नट्या घेऊन पुन्हा चित्रित करावे लागले, खर्च निर्मात्यांचा. तेव्हा बँका सिनेमाला कर्ज देत नसत, पैसा सावकारांचा आणि त्याहून वाईट लोकांचा. त्यांना पॉलिसीची प्रत दाखवायची नसते. १९९८ मध्ये सुषमा स्वराज यांनी चित्रपटाला उद्योगाचा दर्जा जाहीर केला, पुढे बँकांचं कर्ज सुरू झालं, आणि बँक म्हटल्यावर तारण आलं, करारपत्रं आली, विमा आला. १९९९ च्या 'ताल'चा विमा युनायटेड इंडियाने उतरवला, हिंदी सिनेमाच्या विम्याची सुरुवात तिथून धरतात.

आणि उलटंही घडतं. मे २०२० मध्ये राज्य सरकारने चित्रीकरणाचे नियम काढले: ६५ वर्षांवरच्या कलाकारांना सेटवर बंदी. आमचे किती ज्येष्ठ नट एका ओळीने घरी बसले! हायकोर्टाने ऑगस्टमध्ये ती अट रद्द केली. त्याच सुमाराला विमा कंपन्यांनी साथीचा आजार पॉलिसीतून वगळायला सुरुवात केली होती. ब्रिटनमध्ये सरकारने ५० कोटी पौंडांची हमी दिली तेव्हा तिकडची शूटिंग सुरू झाली. इकडे निर्मात्यांनी कलाकारांकडून 'स्वतःच्या जबाबदारीवर येत आहे' असं लिहून घेतलं.

उगाच_पुणेरी | बुधवार, दुपारी ४:१०

ठीक आहे, एक पाऊल मागे. नियमाने बाजार उभा राहतो हे पटलं. पण राज्याने एका ओळीत माणसं घरी बसवली हेही तुम्हीच सांगितलंत, नेपथ्य. तेवढं माझ्या खात्यात जमा करा.

सीए_अनुजा | बुधवार, सायंकाळी ६:२५

जमा केलं.

शिरोलीकर, कामाचं. कीमॅन टर्म मागा, फर्म प्रपोजर, मिस्त्री विमेदार. रक्कम मनाला येईल ती नाही मिळत. बऱ्याच कंपन्या साधारणपणे त्या माणसाच्या वार्षिक पगाराच्या दहापट, किंवा फर्मच्या नफ्याची ठरावीक पट, यातलं कमी ते धरतात. मिस्त्रींचा पगार कागदावर किती दाखवताय? वरचं रोखीत देत असाल तर विमा कंपनीच्या लेखी ते तेवढे महत्त्वाचे नाहीत.

आणि एक. फर्मला भावाच्या आयुष्यावरही काढता येईल, भागीदाराच्या कीमॅनचा हप्ता मुंबई हायकोर्टाने २०१० मध्ये खर्चात मान्य केलाय. तुमची एकट्याची प्रोप्रायटरी असती तर स्वतःवर काढता आला नसता, व्याख्येत 'दुसरी व्यक्ती' आहे.

पण टर्म फक्त मरणाचं बघते. गेल्या दिवाळीसारखे पाच आठवडे पुन्हा आले तर त्यात एक पैसा नाही.

शिरोलीकर | शनिवार, रात्री ९:३०

मंडळी, प्रगती सांगतो.

अनुजाताईंचा पगाराचा प्रश्न वर्मी लागला. गेल्या महिन्यापर्यंत कागदावर ३२ हजार होते. या महिन्यापासून सगळं बँकेतून, ५२. भावाने थोडी कुरकुर केली, मग त्यानेच विचारलं की आपण मिस्त्रींना आधीच का दिले नाहीत. उत्तर नव्हतं.

कीमॅन टर्मचं कोटेशन आलंय. ५० लाख मागितले होते, नवा पगार धरूनही ते देत नाहीत, एकच महिना झालाय म्हणतात. ३५ वर आलेत. शुगर असल्यामुळे हप्ता चढा, वर्षाला पन्नास हजारांच्या आसपास. वैद्यकीय तपासणी व्हायचीय.

आता खरी गंमत. सही मिस्त्रींचीही लागते, म्हणून काल त्यांना केबिनमध्ये बोलावून सगळं समजावलं. ते शांतपणे ऐकत होते, ड्रॉइंग बघतात तसं. मग म्हणाले, "म्हणजे मालक, मी मेलो की पैसे तुम्हाला?" मी होय म्हणालो. ते म्हणाले, "आणि आमच्या हिला?"

जुनाविमावाला, तुमचा प्रश्न वाचून चार दिवस झाले होते आणि मी तो फक्त माझ्या बाजूने सोडवत बसलो होतो.

एजंटांना परत फोन केला. ती एम्प्लॉयर-एम्प्लॉयी आहे ना, तीच, पण टर्मची, मिस्त्रींच्या घरच्यांसाठी. शिवाय सगळ्या कामगारांचा अपघात विमा वाढवतोय. एजंट खूश नाहीत, साडेपाच लाखांचं सव्वा लाखावर आलं. आणि पाच आठवड्यांवर विमा नाही म्हणून मिस्त्रींच्या हाताखाली आयटीआयची दोन पोरं दिलीत. त्यातली एक मुलगी पेन्सिलच्या खुणांचे मोबाइलवर फोटो काढते आणि का म्हणून विचारते. मिस्त्री वैतागतात, पण सांगतात.

जुनाविमावाला | शनिवार, रात्री ९:५२

मुलीला फोटोवर तारीख टाकायला सांगा. तपासणीच्या वेळी शुगर लपवू नका, फॉर्मवर आहे तसं लिहा. तीन वर्षांच्या आत क्लेम आला तर पहिला कागद तोच काढतात.

शिरोलीकर | शनिवार, रात्री १०:०५

लिहिलंय. गुरुवारी सकाळी आठला बोलावलंय. मिस्त्रींचा आत्ताच फोन येऊन गेला, उपाशीपोटी यायचं का म्हणून.

टवाळखोर | शनिवार, रात्री १०:०७

हो म्हणावं. आणि चहा तपासणीनंतर, ड्रॉइंग समोर ठेवून.